शेळ्या मारतात कुत्री, नाव होतं लांडग्याचं. शिवारातल्या मोकाट कुत्र्यांचं करायचं काय?

माळावरचा

नमस्कार मंडळी. मी पुरंदर तालुक्यातला. कोरडवाहू शेती आणि जोडीला शेळ्या. गेल्या आठवड्यात पहाटे गोठ्यामागची जाळी उचकटून कुत्री आत शिरली. दोन गाभण शेळ्या आणि पाच करडं गेली. एक पाट, म्हणजे तरणी शेळी, जिवंत आहे, पण मागचा पाय कामातून गेलाय. बरं, खाल्लं म्हणावं तर एकाच करडाचं पोट फाडलेलं. बाकीची नुसती चावून टाकलेली.

टोळी सात-आठ कुत्र्यांची आहे. ओढ्याच्या कडेला पोल्ट्रीवाले मेलेले पक्षी टाकतात, तिथं दिवसभर पडून असतात आणि रात्री शिवारात निघतात. त्यातल्या दोघांच्या गळ्यात पट्टा आहे.

वनखात्यात विचारलं तर म्हणाले, लांडगा किंवा बिबट्या असेल तर पंचनामा होतो, कुत्रं आमच्याकडे येत नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर निधी नाही. शेजारचे एक जण म्हणाले, सरळ लांडगा सांग, भरपाई तरी मिळेल. दुसरे म्हणाले, मेलेल्या करडाला औषध लावून ओढ्याला ठेव, एका रात्रीत विषय संपेल. मी अजून दोन्हीतलं काही केलेलं नाही. कुणाच्या गावात यावर खरंच काही उपाय झाला असेल तर सांगा. उपदेश नको.

कट्ट्यावरचा पप्पू

गोळ्या घाला सगळ्यांना. चर्चा कसली करताय?

निवृत्त वनपाल

पप्पूराव, गोळी घालाल आणि गुन्हा अंगावर घ्याल. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ वेगळं.

माळावरचा, तुमच्या वर्णनावरून हे काम कुत्र्यांचंच दिसतंय. बिबट्या नरडं धरतो, गळ्यावर सुळ्यांची भोकं दिसतात आणि जमलं तर एक जनावर ओढून नेतो. लांडगा उघड्यावरच्या कळपातून करडू किंवा कोकरू तोंडात धरून पळतो, मागे सापडलं तर थोडं रक्त सापडतं. कुत्री मागून धरतात. मांड्या, कास, शेपूट, कान फाटलेले असतात, आणि एक पाडून ती थांबत नाहीत. अर्थात लांडगा बंद वाड्यात शिरला तर तोही गरजेपेक्षा जास्त मारतो, म्हणून "जास्त मेली म्हणजे कुत्रीच" असं धरून चालू नका. ठशांवर तर अजिबात जाऊ नका. बिबट्याच्या ठशात नखं सहसा उमटत नाहीत एवढं ठीक, पण थोराड कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा कोरड्या मुरमात वेगळा काढणं भल्याभल्यांना जमत नाही. जखमा बघा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि जनावर हलवू नका.

विषाचं बोललात म्हणून सांगतो. औषध लावलेलं करडू फक्त कुत्रंच खातं असं नाही. लांडगा, तरस, खोकड, घार सगळे येतात, आणि तुमच्या शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रंही येतं. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. तो मेला तर प्रकरण कुठं जाईल याचा विचार करा.

आता "लांडगा सांग" या सल्ल्याबद्दल. नोकरीत असताना हा दबाव मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढी मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते मिळतं. खबर ४८ तासांत द्यावी लागते. यादीत वाघ, बिबट, लांडगा, तरस, कोल्हा आहेत. मोकाट कुत्रं नाही. म्हणजे ज्याचं नुकसान कुत्र्यानं केलं त्याला खरं बोलून काहीच मिळत नाही. मग तो लांडगा म्हणणार, त्याला मी दोष देत नाही. पण पुढं त्याच कागदांवरून आकडे होतात, तालुक्यात लांडग्यांनी इतकी जनावरं मारली म्हणून ओरड होते, आणि कुत्र्यांवर खर्च करायची गरज कागदावर कधी दिसतच नाही.

धनगरवाडा

वनपाल साहेबांशी शंभर टक्के सहमत. आमचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर खाली उतरतो, सासवड, दौंड, इंदापूर अशा बाजूनं. लांडग्याचा हिशोब आम्ही धरलेलाच असतो. तो वर्षाला काही कोकरं नेणार. आमचे म्हातारे त्याला शिव्या देतात, पण मुळासकट उपटायची भाषा करत नाहीत. कुत्र्यांचा हिशोब धरता येत नाही. लांडगा एक घेऊन जातो, कुत्री वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, शिरली की वीस मेंढरं तुडवून-चावून टाकतात. आणि लांडगा माणूस उठला की पळतो. गावची कुत्री माणसाला सोकावलेली, काठी उगारली तरी चार पावलं मागं सरतात आणि पुन्हा येतात.

आमचीही कुत्री असतात, पण ती कळपात वाढलेली. लहान पिल्लू असताना कोकरांत टाकलं की ते मेंढरालाच आपलं समजतं. रात्री ती वाघरीच्या बाहेर चारी अंगाला बसतात. फक्त एक अडचण आहे. गावच्या कुत्र्यांत एखादी माजावर आलेली कुत्री असली की आमची राखणीची तिकडं पळतात आणि वाडा उघडा पडतो.

मुठाकाठची

मी पुण्यात कुत्र्यांसाठी काम करते, त्यामुळे इथं मला ऐकून घ्यावं लागणार याची कल्पना आहे. :) माळावरचा, तुमच्या नुकसानाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण टोळी मारून प्रश्न सुटत नाही. ओढ्यावर खायला आहे तोवर जागा रिकामी राहणार नाही, दुसरी येतील. कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते, गाभणकाळ दोन महिन्यांचा. नसबंदी आणि रेबीजची लस हाच कायदेशीर मार्ग आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे, त्यात ग्रामपंचायतही येते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

माळावरचा

ताई, अर्ज देतो. पण नियमानुसार नसबंदी करून कुत्रं पुन्हा जिथून उचललं तिथंच सोडायचं ना? म्हणजे माझ्या ओढ्यावर. नसबंदी झालेलं कुत्रं शेळी खायचं सोडतं का?

मुठाकाठची

नाही सोडत. खोटं कशाला सांगू? भांडणं आणि भटकणं थोडं कमी होतं, पिल्लं थांबतात. शिकारीची सवय लागलेल्या मोठ्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनं फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

माजी सरपंच

ग्रामपंचायतीच्या खुर्चीतून बघितलेलं सांगतो, कारण "निधी नाही" हे अर्धंच उत्तर आहे. समजा निधी आला. नसबंदी मान्यताप्राप्त संस्थेनंच करायची, शस्त्रक्रियेची खोली हवी, नंतर काही दिवस ठेवायला पिंजरे हवेत. अशी संस्था तालुक्यात नसते, जिल्ह्याच्या शहरात असली तर तिथलं काम तिला पुरत नाही. आणि शहरात कुत्रं गल्लीत कोंडून जाळीत घेता येतं. शिवारात कसं घेणार? एकदा पथक आलं होतं. दिवसभर ज्वारीच्या रानातून पळापळ झाली, आणि हाती लागली ती देवळासमोर झोपणारी गरीब कुत्री. ज्यांच्यासाठी बोलावलं होतं ती डोंगराकडेला उभी राहून बघत होती.

मग आम्ही खाण्याकडे वळलो. गावात ब्रॉयलरची शेड बरीच होती. ग्रामसभेत ठराव घेतला: मेलेला पक्षी उघड्यावर दिसला तर दंड, प्रत्येक शेडला खड्डा सक्तीचा, आणि चिकनच्या दुकानदारानं पिसं-आतडी नाल्यात टाकायची नाहीत. त्याच ठरावात दुसरं कलम होतं, पाळलेलं कुत्रं रात्री बांधायचं. सगळ्यात जास्त भांडणं या दुसऱ्या कलमावर झाली. पोल्ट्रीवाले गप्प बसले, पण "माझं कुत्रं राखणीचं आहे, बांधलं तर राखण कशी करेल" म्हणून अर्धं गाव उठलं. अहो, तुमच्या दारातली राखण करतंय तोवर ठीक. मध्यरात्री दोन मैलांवर दुसऱ्याच्या गोठ्यात ते कसली राखण करतं?

परिणाम काय झाला तेही सांगतो. कुत्री संपली नाहीत. सहा-आठ महिन्यांत नाल्यावरची टोळी मोडली, काही मेली असतील, काही खालच्या गावाला गेली. खालच्या गावचे सरपंच माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. पण शेळ्या मरायचं प्रमाण उतरलं हे नक्की.

तिलारीकाठ

थोडा वेगळा मुद्दा, पण इथं बसतो. मी दोडामार्गचा. आमच्याकडे खरे रानकुत्रे आहेत, म्हणजे कोळसुंदे. तांबूस अंग, काळपट झुपकेदार शेपूट, भुंकत नाहीत, शिटी घातल्यासारखा आवाज करून एकमेकांना बोलावतात. जंगलातल्या भेकर-सांबरावर जगणारं जनावर. वाडीजवळ कधी रेडकू किंवा वासरू पाडतात, नाही असं नाही, पण माणसाच्या अंगावर सहसा येत नाहीत. इंग्रजांच्या काळात यांना मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. आता जगभरातच धोक्यात आलेली जात म्हणून नोंद आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि खाली आमच्यापर्यंत जे उरलेत ते उरलेत.

होतं काय, मोकाट कुत्र्यांनी वासरू मारलं की बातमी छापून येते "रानकुत्र्यांचा हल्ला". सरकारी यादीत ढोल, म्हणजे हाच कोळसुंदा, आहे, त्यामुळे तसं लिहिणं सोयीचंही पडतं. वनपाल साहेब लांडग्याचं म्हणाले ते आमच्याकडे कोळसुंद्याला लागू. शिवाय गावच्या कुत्र्यांचे रोग यांना लागतात. २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले त्यात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला होता. पाच-दहाचा कळप एका साथीत संपू शकतो.

निवृत्त वनपाल

बरोबर. आणि माळावर अजून एक गोष्ट घडतेय. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेलं जनावर आढळल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. लांडगे कमी, कुत्री भरमसाट, जोडीदार मिळाला नाही की हे होणारच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर कुत्री काळविटांच्या पाडसांमागे लागतात हा तर तिथल्या लोकांच्या रोजच्या बघण्यातला भाग आहे.

डॉ. गोठा

मी पशुवैद्यक आहे. सगळे कायद्यावर बोलताहेत, मी गोठ्यावर बोलते.

पहिली गोष्ट, चावलेल्या जिवंत पाटीची जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायला हवी होती. आता जवळच्या दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल लगेच विचारा, चावल्यानंतर जनावरालाही लसीचा कोर्स देता येतो. शेळ्या सोडवताना तुमच्या किंवा घरच्यांच्या हाताला चावा, ओरखडा काहीही झालं असेल तर आजच सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, त्यामुळे "बघू चार दिवस" हा प्रकारच नको.

दुसरं, जाळी. बहुतेक जण कोंबडीची षटकोनी जाळी लावतात. ती कुत्रं दातानं सोलतं. चौकोनी वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी, घ्या आणि खालची कड दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून वर दगड रचा. कुत्रं भिंतीलगतच उकरतं, तिथं खाली जाळी लागली की सोडून देतं. उंची सहा फूट. करडांसाठी आत वेगळा कप्पा करा. रात्रभर दिव्याचा उपयोग बिबट्यासाठी थोडाफार होतो, गावच्या कुत्र्याला दिव्याची सवय असते.

तिसरं, विमा. शेळ्यांचा विमा निघतो, सरकारी योजनेत हप्त्याला अनुदानही असतं. कानातला बिल्ला शाबूत हवा, शवविच्छेदनाचा दाखला हवा. अपघाती मृत्यूत कुत्र्याचा हल्ला धरतात की नाही ते पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्या. वनखात्याच्या भरपाईत कुत्रं बसत नाही, विम्यात बसवता आलं तर निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही.

काळा कोट

डॉक्टरांचा विम्याचा मुद्दा चांगला. भरपाईबद्दल थोडं: माणसाला कुत्रं चावलं तर न्यायालयं आता पैसे द्यायला लावतात. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार असा निकष घालून दिला. जनावरासाठी असं काही नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये एवढं रामायण झालं. ऑगस्टमध्ये दिल्लीची कुत्री उचला, मग नसबंदी करून परत सोडा, नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून काढा. गोठा आणि वाघर कुणाच्याच डोक्यात नव्हती. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांवर भटकी कुत्री मोजली गेली. ती सगळी काय महापालिकांच्या हद्दीतच राहतात?

कांगारूंच्या देशातून

मूळचा बारामतीचा, सध्या क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांच्या पट्ट्यात नोकरी. इथं डिंगो, म्हणजे इथली रानटी कुत्री, आणि सुटलेली कुत्री यांच्यासाठी सुमारे ५,६०० किलोमीटरचं कुंपण आहे. आत १०८० नावाच्या विषाची आमिषं विमानातून टाकतात. तरीही प्रश्न संपलेला नाही, आणि विषाच्या बाजूनं-विरुद्ध भांडणं इथंही रोजची आहेत. आपल्याकडे ते चालणारही नाही. माळावर पन्नास पावलांवर कुणीतरी असतं.

घेण्यासारखं एकच. इथं अलीकडे शेजारचे शेतकरी मिळून सगळ्यांच्या जमिनीला मिळून एकच कुंपण घालतात. एकट्यानं घातलं की कुत्री शेजाऱ्याकडे जातात, सरपंचांच्या खालच्या गावासारखं. गोठे एकमेकांजवळ असतील तर चार-पाच घरांनी मिळून रात्रीचा एक पक्का वाडा बांधायला काय हरकत आहे?

धनगरवाडा

हरकत एवढीच की चार भावांच्या शेळ्या एका वाड्यात कोंडायच्या म्हणजे सकाळी करडं कुणाची यावरून डोकी फुटणार. :D

मांडवीपलीकडे

गोव्यातून. आमच्याकडे मिशन रेबीज या संस्थेनं सरकारबरोबर गावोगाव फिरून दरवर्षी लसीकरण केलं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. त्यात खेडी होती, माळ होते, किनारे होते. पथकं हातात लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन पळत असत. त्यामुळे "शिवारात कुत्रं पकडताच येत नाही" हे सरपंचांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. पैसा आणि माणसं दिली तर येतं.

माजी सरपंच

मान्य, पैसा आणि माणसं दिली तर. ग्रामपंचायतीची घरपट्टी किती जमते ते एकदा विचारा. हे काम जिल्हा परिषदेनं तालुकावार पथक करून घ्यायला हवं, एकेका गावाच्या आवाक्यातलं नाही. आणि लस टोचायला कुत्रं दोन मिनिटं धरावं लागतं, नसबंदीला चार-पाच दिवस सांभाळावं लागतं.

माळावरचा

सगळ्यांचे आभार. पाटीला लस सुरू केली. आमच्यापैकी कुणाला चावा नाही, पण आईच्या हाताला ओरखडा होता, तिलाही नेऊन आणलं. वनखात्यात लांडगा सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. कुत्र्यांनी मारल्याचा लेखी अर्ज ग्रामपंचायत आणि पंचायत समिती दोन्हीकडे दिला, पोच घेतली.

पट्टेवाल्यांचा तपास लागला. एक वरच्या वस्तीवरचं, आणि एक आमच्या चुलत्यांचं निघालं. त्यामुळे रात्री कुत्री बांधायचा ठराव मांडायला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

शेडवाला

बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. मी पोल्ट्रीवाला, याच भागातला. पाच हजार पक्ष्यांची बॅच. चांगली गेली तरी चार-पाच टक्के मर असते, उन्हाळ्यात एका दुपारी शंभर पक्षी जातात. पिल्लं, खाद्य, औषध करारवाल्या कंपनीचं. मेलेला पक्षी मात्र माझा. खड्डा खणा म्हणणं सोपं आहे, आमच्याकडे दोन फुटांखाली कातळ लागतो. जेसीबीचा ब्रेकर तासावर पैसे घेतो. तरी मी ओढ्यावर टाकत नाही, पण जे टाकतात ते मजेनं टाकतात असं नाही.

डॉ. गोठा

तुम्ही बोललात ते बरं झालं. खड्डा जमत नसेल तर कंपोस्ट करा, जमिनीवरच होतं. विटांचा किंवा फळ्यांचा कप्पा, वर पत्रा, पुढून जाळीचं दार. खाली फूटभर तूस किंवा जुनं लिटर, म्हणजे शेडमध्ये कोंबड्यांखाली पसरलेलं तूस-भुशाचं अंथरूण, त्यावर पक्ष्यांचा एकच थर, पक्षी एकमेकांना चिकटवायचे नाहीत, वर पुन्हा लिटर. ओल मूठ दाबली तर हाताला लागेल पण थेंब पडणार नाही इतकी. आतून चांगलं तापतं, काही आठवड्यांत मांस विरतं, हाडं ठिसूळ होतात. एकदा उलथून पुन्हा तापू द्या, मग शेतात टाका. फक्त साथीच्या रोगानं मेलेले पक्षी यात घालायचे नाहीत, तेव्हा आधी आम्हाला कळवा.

शेडवाला

वास? शेजारी आत्ताच बोंबलतात.

डॉ. गोठा

पक्ष्यावर लिटरचा थर कमी पडला किंवा पाणी जास्त झालं की वास येतो. वर वीतभर कोरडं ठेवलं तर फारसा येत नाही. आणि दार पक्कं हवं, नाहीतर कुत्र्यांना जेवण गरम करून वाढल्यासारखं होईल.

शेडवाला

एक कप्पा करून बघतो. माळावरचा, तुमचा ओढा नेमका कुठला? त्या बाजूची तीन शेड माझ्या ओळखीची आहेत. पंचायतीची नोटीस जायच्या आधी मी त्यांच्याशी बोलतो.

माळावरचा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.